श्रद्धाविषयक चर्चेतील भिन्नमत आणि त्याचे मौन : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

न्यायालयीन व्यवहारात ‘भिन्नमत’ या शब्दाला एक प्रतिष्ठा आहे. खंडपीठातील एखाद्या न्यायमूर्तींना बहुमताचा निर्णय मान्य नसेल तर ते आपले मत कारणांसह स्वतंत्रपणे लिहितात आणि ते निकालपत्राचाच एक भाग म्हणून प्रसिद्ध होते. त्या मताने निकाल बदलत नाही. परंतु ते पुसलेही जात नाही. पुढे कोणाला त्या प्रश्नाचा पुनर्विचार करावयाचा झाल्यास ते मत वाचावयास उपलब्ध असते. समाजातील चर्चेत, विशेषतः श्रद्धा, देव, विधी व परंपरा यांविषयीच्या चर्चेत, भिन्नमताच्या वाट्याला अशी नोंद क्वचितच येते. तेथे ते एकतर दडपले जाते, किंवा मांडणाराच स्वतःहून गप्प बसतो. अशा मौनालाच पुष्कळदा ‘सलोखा’ समजले जाते.

श्रद्धाविषयक भिन्नमत गप्प कसे केले जाते, त्याबाबत आपला कायदा नेमके काय सांगतो आणि जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांतील महाविद्यालयीन अध्यापकांपुढे या प्रश्नाचे स्वरूप काय आहे, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चर्चेची जागा आता चावडी व वर्ग यांबरोबरच भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही आली आहे. तथापि जागा बदलली तरी गप्प करण्याच्या पद्धती फारशा बदललेल्या नाहीत, असे दिसते.

मौन कसे निर्माण होते :

एखाद्याचे मत दडपण्यासाठी प्रत्येक वेळी बळाचा वापर करावा लागतोच असे नाही. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये ‘मौनाचे आवर्त’ ही संकल्पना मांडली. आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटू लागले की एकटे पडण्याच्या भीतीने माणूस बोलणे कमी करतो. तो बोलत नाही म्हणून ते मत आणखी अल्पसंख्य भासते आणि त्यामुळे उरलेलेही गप्प होतात, असा तिचा आशय आहे. म्हणजे मौन हे मौनाला जन्म देते.

समाजमाध्यमांमुळे सर्वांना बोलण्याची संधी मिळाली असल्याने हे आवर्त मोडेल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. सरकारी पाळतीच्या वादग्रस्त प्रश्नावर प्रत्यक्ष भेटीत बोलण्यास ८६ टक्के लोक तयार होते. फेसबुक वा ट्विटरवर तोच विषय मांडण्यास तयार असलेले केवळ ४२ टक्के होते. पाहणीचा विषय धार्मिक नव्हता आणि देशही आपला नव्हता. तरीही एक गोष्ट लक्षात येते. ज्या जागी आपले बोलणे कोण कोण ऐकत आहे हे कळत नाही, त्या जागी माणूस अधिक जपून बोलतो. श्रद्धेसारख्या विषयात, जेथे ऐकणाऱ्यांत आईवडील, गावकरी, भावकी व शिक्षक असे सर्वच असू शकतात, तेथे ही सावधगिरी वाढणे स्वाभाविक होय.

महाराष्ट्राच्या परंपरेतील दाखले :

महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात भिन्नमताला स्थान नव्हते असे म्हणता येणार नाही. उलट आपली संतपरंपरा, सत्यशोधक परंपरा व सुधारक परंपरा या तिन्हींचा उगमच भिन्नमतात आहे. परंतु त्या प्रत्येकीला गप्प करण्याचे प्रयत्नही झाले. सतराव्या शतकात तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्याची कथा परंपरेने जतन केली आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करून धर्म व रूढी यांची बुद्धिनिष्ठ चिकित्सा केली, तेव्हा त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी त्यांना मृत ठरविणे विरोधकांना अधिक सोपे वाटले असावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३१ मध्ये झालेला खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. सनातनी मंडळींचा रोष होता तो परंपरेच्या चिकित्सेवर. खटला मात्र अश्लीलतेच्या कलमाखाली चालला. रोष एका गोष्टीचा आणि आरोप दुसऱ्या गोष्टीचा, हा प्रकार पुढेही आढळतो.

अलीकडील काळातील एक उदाहरण साहित्यक्षेत्रातील आहे. डॉ. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी संघटनांनी आक्षेप घेतला. लेखकाने क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले गेले आणि २००९ च्या महाबळेश्वर येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचाही त्यांना राजीनामा द्यावा लागला. कादंबरीतील चित्रण योग्य होते की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतात आणि वारकऱ्यांना झालेले दुःख खोटे होते असेही म्हणता येणार नाही. प्रश्न असा की, तो मतभेद मांडला जाण्यापूर्वीच विषय संपला. ज्या संताच्या वह्या बुडविल्या गेल्या, त्याच्याच नावाने हे घडावे हा विरोधाभास होय.

या मालिकेचे टोक २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दिसले. त्या दिवशी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर झालेला हल्लाही प्राणघातक ठरला. दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. उपहास, बहिष्कार, खटला आणि हत्या या एकाच पातळीवरील गोष्टी निश्चितच नव्हेत. परंतु ‘हा माणूस बोलता कामा नये’ ही इच्छा त्या सर्वांमागे समान आहे.

पालघर, नोव्हेंबर २०१२ :

आपल्या परिसराला सर्वांत जवळची घटना पालघर गावातीलच आहे. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता; स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत व आसपास सर्व व्यवहार बंद राहिले. या बंदच्या औचित्याविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ केले. जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि १९ नोव्हेंबर रोजी पोलिसांनी दोघींना अटक केली. न्यायालयाने त्यांची प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या बंधपत्रावर सुटका केली.

या घटनेतील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या मजकुरात धर्माचा वा देवाचा उल्लेख नव्हता. तरीही प्रारंभी लावण्यात आलेल्या कलमांमध्ये भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचे कलम होते. पुढे ते वगळून दुसरे कलम लावण्यात आले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ त्यासोबत होतेच. कर्वे यांच्या बाबतीत श्रद्धेविषयीच्या रोषासाठी अश्लीलतेचे कलम वापरले गेले. येथे लोकभावनेच्या रोषासाठी श्रद्धेचे कलम हाताशी घेतले गेले. कलम कोणते, हा प्रश्न दुय्यम होता. बोलणाऱ्याला थांबवावयाचे हे आधी ठरले आणि कलम नंतर शोधले गेले, असे या क्रमावरून दिसते.

या अटकेवर देशभर टीका झाली. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. ज्या दिवशी अटक झाली त्या दिवसाची भीती मात्र कोणत्याही आदेशाने परत घेता येत नाही. एका तरुणीला लिहिण्याबद्दल अटक झाली, तेव्हा इतर अनेकांना न लिहिण्याचा धडा मिळाला. मौनाच्या आवर्ताचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या जिल्ह्यात शोधावे लागणार नाही.

कायदा नेमके काय सांगतो :

पालघरच्या घटनेनंतर त्याच महिन्यात कलम ६६-अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकरणात न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्या निकालातील एक विवेचन प्रत्येक अध्यापकाने ध्यानात ठेवावे असे आहे. न्यायालयाने अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयाची चर्चा करणे वा एखाद्या मताचा पुरस्कार करणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेल्या स्वातंत्र्याचा गाभा आहे. चिथावणीची पायरी गाठली गेली म्हणजेच अनुच्छेद १९(२) मधील निर्बंध लागू होऊ शकतात.

धार्मिक भावनांविषयीचे कलम २९५-अ १९२७ मध्ये, लाहोर येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकावरून उठलेल्या वादळानंतर, दंड संहितेत घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये त्याचा आशय आला आहे. या कलमाविषयीचा सर्वसाधारण समज असा की, कोणाच्याही भावना दुखावल्या की गुन्हा घडतो. वस्तुतः कलमाच्या शब्दांनुसार ‘जाणीवपूर्वक व दुष्ट हेतू’ असणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात या कलमाची वैधता मान्य केली; परंतु त्याच वेळी असेही स्पष्ट केले की, धर्माचा प्रत्येक अवमान हा गुन्हा नसून केवळ त्या हेतूने केलेला गंभीर स्वरूपाचा अवमानच या कलमाखाली येतो. अजाणतेपणी वा दुष्ट हेतूविना झालेले कथन त्यात येत नाही.

समूहातून बाहेर काढण्याच्या शिक्षेचाही येथे विचार केला पाहिजे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत व धर्मबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले. धर्माच्या कारणावरून एखाद्यास बहिष्कृत करणे हा त्या पंथाच्या धर्मव्यवस्थेचा भाग असल्याचे मानून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी मात्र भिन्नमत लिहिले. बहिष्कृत व्यक्तीची माणूस म्हणून होणारी अवनती रोखणे हाच कायद्याचा हेतू आहे, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. त्या निर्णयाचा पुनर्विचार व्हावा म्हणून हा प्रश्न २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये संमत केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. साठ वर्षांपूर्वी एकट्याने नोंदविलेले मत पुन्हा विचारात घ्यावे लागते, याचे कारण ते पुसले गेले नव्हते.

जव्हार-मोखाडा परिसरातील प्रश्नाचे स्वरूप :

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ पर्यंत अस्तित्वात होते. हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव, कणसरी ही येथील दैवते. भगत हा देव व माणूस यांमधील दुवा. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री. आणि मुखवटे धारण करून सोंगे नाचविण्याचा मोखाड्याचा बोहाडा, अशी ही श्रद्धासृष्टी आहे. तिला लिखित धर्मग्रंथ नाही. त्यामुळे तिच्याविषयी कोण बोलणार, हा प्रश्न नेहमीच बाहेरच्यांनी आपापसांत सोडविला.

मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले. व्हेरियर एल्विन यांनी आदिवासींच्या वेगळेपणाचा आग्रह धरला. हा वाद भारतीय समाजशास्त्रात गाजला. तथापि त्या वादात स्वतः आदिवासी माणसाचे मत साक्षीदार म्हणूनही फारसे नोंदले गेले नाही. जनगणनेचीही अशीच स्थिती आहे. इंग्रजी राजवटीत आदिवासींच्या धर्माची स्वतंत्र नावांनी नोंद होत असे. स्वातंत्र्यानंतर सहा प्रमुख धर्म व ‘इतर’ असे रकाने राहिले. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये ‘सरना’ धर्मासाठी स्वतंत्र संकेतांकाचा ठराव केला, त्यामागे हीच अस्वस्थता आहे. आपल्या परिसरातही कोणी आदिवासींना हिंदू म्हणतो, कोणी स्वतंत्र धर्माचे मानतो, कोणी ख्रिस्ती झाला आहे. या तिन्ही मतांचे लोक एकाच पाड्यावर, कधी कधी एकाच घरात राहतात.

येथे भिन्नमत दोन विरुद्ध दिशांनी गप्प केले जाते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. एक दिशा परिचित आहे. भगताच्या निदानावर वा बळी देण्याच्या प्रथेवर शंका घेणाऱ्यास ‘देवाचा कोप होईल’, ‘तू शिकून बाटलास’ असे म्हणून थांबविले जाते. दुसरी दिशा आपण सुशिक्षित मंडळी सहसा पाहत नाही. आदिवासी विद्यार्थ्याने आपल्या दैवतांविषयी आदराने बोलावयास सुरुवात केली की, ‘ही अंधश्रद्धा आहे’ एवढ्या एका शब्दात आपण त्याचे बोलणे संपवितो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालमृत्यू झाले, तेव्हापासून या भागाचा उल्लेख होताच ‘लोक दवाखान्यात न जाता भगताकडे जातात’ हे स्पष्टीकरण हमखास ऐकू येते. त्यात तथ्यांश असेलही. परंतु रस्ता नव्हता, रोजगार नव्हता, धान्य नव्हते, हे त्या एका वाक्याने झाकले जाते. श्रद्धेच्या नावाने जसे प्रश्न दडपता येतात, तसेच विवेकाच्या नावानेही दडपता येतात. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क(ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाबरोबरच मानवतावाद व जिज्ञासा यांचाही उल्लेख आहे, याचे आपणास विस्मरण होते.

या श्रद्धासृष्टीत आतून भिन्नमत निर्माण होत नाही, हाही एक गैरसमज होय. पालघरच्या किनारपट्टीकडून निघून १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरलेल्या ‘देवी’ चळवळीचा अभ्यास इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी केला आहे. देवी ज्यांच्या अंगात येई त्यांच्या मुखातून मद्य व मांस सोडण्याची आज्ञा होत असे. पुढे ती आज्ञा पाळणारे ‘वरजेला’ आणि जुन्या रीतीकडे परतलेले ‘सरजेला’ असे दोन पक्ष झाले. म्हणजे परंपरेला विरोधही श्रद्धेच्याच भाषेत झाला आणि त्या विरोधालाही विरोध झाला. मतभेद हा या समाजाला शिकवावा लागणारा विषय नाही. त्यास जागा मिळते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

एक अनुभव :

येथे प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. शिष्यवृत्ती व परीक्षा यांच्या सूचना देण्यासाठी वर्गाचा एक व्हॉट्सॲप गट होता. वाघबारशीच्या दिवशी एका विद्यार्थ्याने लिहिले की, आमच्या पाड्यावर वाघदेवाला कोंबडा देतात, मला ते पटत नाही, पण घरी तसे बोलता येत नाही. काही मिनिटांत दोन प्रकारची उत्तरे आली. एका गटाने त्यास आपल्या देवाचा अपमान करणारा ठरविले. दुसऱ्या गटाने वाघदेव हा देवच नव्हे, हा सारा अडाणीपणा आहे, असे लिहिले. त्या विद्यार्थ्याने पुन्हा लिहिले की, वाघदेव माझाही देव आहे, मी फक्त कोंबड्याविषयी बोललो. हे वाक्य दोन्ही गटांपैकी कोणीही वाचले असे दिसले नाही.

प्रस्तुत लेखक त्या गटाचा व्यवस्थापक होता. प्रकरण वाढेल, कोणी तक्रार करील, या भीतीने त्याने ‘येथे धर्मावर चर्चा नको’ असे लिहून इतरांना संदेश पाठविण्याची सोय बंद केली. लगेच शांतता झाली. त्यानंतर वर्षभर त्या विद्यार्थ्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. दोन्ही बाजूंनी त्यास दुखविले हे खरे. पण त्याचे बोलणे प्रत्यक्षात थांबविले ते अध्यापकाने. ज्यांनी त्यास अपमानास्पद शब्द वापरले त्यांना आणि ज्याने केवळ प्रश्न विचारला त्याला एकच नियम लावला गेला होता.

त्या भीतीला कायद्याचा आधारही फारसा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान उद्देश वा पूर्वनियोजन असल्याचे दिसत नसेल तर, केवळ व्यवस्थापक म्हणून कोणास गुन्हेगार धरता येत नाही. भीती मोठी व तिचे कारण लहान, अशी ही अवस्था होती. मौनाचे आवर्त अध्यापकांनाही चुकलेले नाही.

कोठे थांबवावे :

याचा अर्थ सर्व काही बोलू द्यावे असा नव्हे. या परिसरात काही शब्द प्राणघातक ठरतात. एखाद्या स्त्रीला ‘भुताळी’ म्हणणे हे श्रद्धाविषयक मत नसून तो एका जिवंत व्यक्तीवरील आरोप आहे, आणि त्याची परिणती मारहाण वा हत्या यांत होऊ शकते. डिसेंबर २०१३ मध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अशा प्रकारच्या कृत्यांचा समावेश असून सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. तसेच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोरांच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्यानंतर त्या घटनेला समाजमाध्यमांवर धार्मिक रंग देण्यात आला आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना त्याबाबत खुलासा करावा लागला. अफवा व चिथावणी यांना भिन्नमताचे संरक्षण देता येत नाही.

म्हणून अध्यापकाने कोणताही मजकूर वा बोलणे थांबविण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हे विधान श्रद्धेविषयी आहे की श्रद्धा बाळगणाऱ्या व्यक्तीविषयी? त्यातून विचार मांडला जात आहे की कोणाविरुद्ध कृती करण्यास सांगितले जात आहे? आणि आपण ज्यास थांबवीत आहोत तो बलवान आहे की एकटा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निकालपत्रातील तीन पायऱ्यांवरून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र वर्ग ओळखणाऱ्या अध्यापकालाच देता येते.

काही सूचना :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) श्रद्धाविषयक चर्चा सरसकट बंद करण्याचा नियम करू नये. असा नियम तटस्थ भासतो. परंतु त्याने बहुमताचे काहीच बिघडत नाही, कारण ते सर्वत्र बोललेच जात असते.

२) एखादा संदेश काढून टाकावयाचा झाल्यास त्याचे कारण सर्वांसमक्ष एका वाक्यात सांगावे. कोणत्या शब्दाला हरकत आहे हे कळले म्हणजे उरलेला विचार जिवंत राहतो.

३) चर्चासत्रे, विभागीय बैठका व विद्यार्थी मंडळे यांच्या इतिवृत्तात मान्य झालेल्या मताबरोबर अमान्य झालेले मतही नोंदवावे. त्यासाठी वेगळा खर्च वा परवानगी लागत नाही.

४) जे समूहात बोलू शकत नाहीत त्यांना लिहून देण्याची मुभा असावी. त्यांस आपल्या घरच्या वारली वा कोकणा बोलीत लिहू द्यावे. प्रमाण मराठीत मांडता न आल्यामुळे गळून पडलेली मतेही दडपलेलीच मते होत.

५) आदिवासी श्रद्धांविषयीच्या व्याख्यानात विद्यार्थी हे केवळ श्रोते नसून माहीतगार आहेत, या भूमिकेतून त्यांना बोलते करावे. मात्र कोणासही आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलण्यास भाग पाडू नये. त्याचे त्याच्या समाजाशीही मतभेद असू शकतात.

प्रस्तुत लेखकाने पुढील वर्षी यांपैकी चौथी सूचना आपल्या वर्गात करून पाहिली. बळीच्या प्रथेवर नाव न घालता लिहून देण्यास सांगितले. आलेल्या चिठ्ठ्यांत प्रथेचे समर्थन होते, विरोध होता आणि ‘कोंबड्याऐवजी नारळ चालतो का हे भगतालाच विचारावे’ अशी सूचनाही होती. ती सूचना चिठ्ठीत आली. त्याच्या आदल्या वर्षी ती गटावर येऊ शकली नसती.

समारोप :

श्रद्धा आणि भिन्नमत हे परस्परांचे शत्रू नव्हेत. ज्यास देवाविषयी काहीच वाटत नाही तो सहसा वाद घालीत नाही. ज्यास वाटते त्यालाच प्रश्न पडतात. पालघरमध्ये २०१२ साली जे घडले त्यात जमाव, पोलीस व कलमे होती. आपल्या वर्गात त्यांपैकी काहीही नसते, तरीही तेथे मौन निर्माण होऊ शकते, आणि त्यास जबाबदार आपण असू शकतो. सर्वांचे एकमत घडवून आणणे हे महाविद्यालयाचे काम नाही व ते शक्यही नाही. ज्याचे मत मान्य झाले नाही त्यास आपले मत कोठेतरी लिहिलेले सापडावे, एवढी व्यवस्था मात्र आपण करू शकतो. त्या विद्यार्थ्याचे ‘मी फक्त कोंबड्याविषयी बोललो’ हे वाक्य उशिरा का होईना, येथे नोंदवीत आहे.